पोर्टरफिल्डच्या तीन कसोट्या: बीसीसीआयला खुले पत्र

प्रति,
मा. पदाधिकारी,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ,
वानखेडे स्टेडियम, मुंबई.

विषय: आयर्लंडबरोबर एक कसोटी सामना खेळण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

मी स्कोअरर आहे. कांगा लीगला भर पावसात तंबूत बसून, मांडीवर प्लास्टिक अंथरून वही सांभाळणाऱ्यांपैकी एक. घरी टीव्हीवर सामना असला तरी वही उघडून बसायची खोड आहे. घरचे हसतात, हसोत. तर या पत्राची सुरुवात त्या वहीतल्याच एका पानापासून करतो. तारीख 2 मार्च 2011, बंगळुरूचं चिन्नास्वामी, विश्वचषकाचा सामना, इंग्लंड विरुद्ध आयर्लंड. इंग्लंडने 327 काढलेल्या. आयर्लंडची पाळी आली, मी पेन्सिलीला टोक काढलं, समोर जेम्स अँडरसन. पहिला चेंडू. कर्णधार विल्यम पोर्टरफिल्डच्या बॅटची कड लागून चेंडू स्टंपवर. पहिल्याच चौकटीत मला विकेटची खूण करावी लागली.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. 111 ला पाच गेले, मग केव्हिन ओब्रायनने 50 चेंडूंत शतक ठोकलं आणि आयर्लंडने तीन गडी राखून सामना मारला. त्या रात्री जो तो ओब्रायनबद्दल बोलत होता आणि ते योग्यच होतं. पण मला आजही ते पान उघडलं की आधी ती पहिली चौकट दिसते. आयर्लंडच्या क्रिकेटमधला सर्वांत मोठा दिवस, आणि त्या दिवशी कर्णधाराच्या नावापुढे शून्य. मला त्या माणसाची सगळी कारकीर्दच अशी वाटते. दिवस उजाडायचा तेव्हा हा एक तर तंबूत परतलेला, नाहीतर उजाडायला फार उशीर झालेला.

चार दिवसांनी त्याच मैदानावर त्याची गाठ आपल्याशी पडली. पोर्टरफिल्डने 75 केल्या, आयर्लंडचा डाव 207 वर आटोपला. आपल्याला त्या सामन्यातला युवराज आठवतो, पाच बळी आणि वर नाबाद 50. धोनीच्या संघाला तेवढ्या धावांसाठी शेहेचाळिसाव्या षटकापर्यंत जावं लागलं, हे मात्र कोणी आठवत नाही. माझ्या वहीत आहे.

हा माणूस कुठला, तर उत्तर आयर्लंडमधल्या टायरोन परगण्यातल्या डोनेमाना गावचा. डावखुरा सलामीवीर, 1984 चा जन्म. त्याच टायरोनमध्ये सायन मिल्स नावाचं गिरणीचं गाव आहे, जिथे 2 जुलै 1969 रोजी आयर्लंडने वेस्ट इंडिजला 25 धावांत गुंडाळलं होतं. म्हणजे क्रिकेट तिथे काल-परवा आलेलं नाही. पण आयर्लंडमध्ये हा खेळ म्हणजे इंग्रज शिपायांचा खेळ, असा शिक्का अनेक दशकं होता. तिथल्या गेलिक खेळांच्या मोठ्या संघटनेने आपल्या सभासदांना असे परके खेळ खेळायलाच काय, बघायलाही 1971 पर्यंत बंदी घातली होती. आणि बेटाच्या मधून सरहद्द जाते ती वेगळीच. पोर्टरफिल्ड सरहद्दीच्या वरचा, त्याच्यानंतरचा कर्णधार अँड्र्यू बलबर्नी खालचा, डब्लिनचा. क्रिकेटचा संघ मात्र पहिल्यापासून एकच. दोन देशांतली पोरं एका टोपीखाली अकरा वर्षांहून जास्त काळ सांभाळणं हे नेतृत्व धावफलकावर कुठे लिहायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

आता एक जुनी गोष्ट. 5 ऑगस्ट 2006, स्कॉटलंडमधलं एअर. आयर्लंडच्या दोन पोरांचं त्या दिवशी एकदिवसीय पदार्पण. एक पोर्टरफिल्ड. दुसरा डब्लिनचा, जेमतेम विशीच्या उंबरठ्यावरचा इऑन मॉर्गन, जो त्या दिवशी 99 वर धावबाद झाला. दोघांचा खेळ चांगला, दोघं इंग्लंडमध्ये काउंटी खेळणारे. पण आयर्लंडला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता, त्यामुळे कसोटी खेळायची असेल तर आयर्लंडच्या टोपीत ते शक्य नव्हतं. मॉर्गन 2009 मध्ये इंग्लंडकडे गेला. त्याच्या आधी एड जॉइस गेला होता, नंतर बॉइड रँकिन गेला. मी कोणालाही दोष देत नाही. आपल्याकडचा एखादा गुणी मुलगा रणजीत संधी मिळत नाही म्हणून दुसऱ्या राज्याकडून खेळायला जातो, तेव्हा आपण त्याला गद्दार म्हणत नाही. पोर्टरफिल्ड राहिला. का राहिला, हे त्याला विचारायला मी गेलेलो नाही. राहिला, एवढं खरं. 2008 मध्ये कर्णधार झाला तेव्हा तो 23 वर्षांचा होता.

मग 3 सप्टेंबर 2013 चा दिवस येतो. माझ्या मते आयरिश क्रिकेटची सगळी कहाणी त्या एका धावफलकात मावते, म्हणून जरा रेंगाळतो. डब्लिनजवळचं मॅलाहाइड, किल्ल्याशेजारचं मैदान, तात्पुरत्या बांधलेल्या स्टँडमध्ये दहा हजार माणसं. आयर्लंड विरुद्ध इंग्लंड. नाणेफेकीला दोन कर्णधार समोरासमोर उभे राहिले ते कोण, तर एअरमध्ये एकत्र पदार्पण केलेले ते दोघं. पोर्टरफिल्डने 112 केल्या, आयर्लंड 269. त्या डावात आयर्लंडचे चार गडी कोणी बाद केले? इंग्लंडकडून एकदिवसीय पदार्पण करणाऱ्या बॉइड रँकिनने. मग इंग्लंडची अवस्था चार बाद 48 झालेली असताना मॉर्गन उभा राहिला, नाबाद 124, आणि सामना घेऊन गेला. आयर्लंडच्या मैदानावर, आयर्लंडच्या कर्णधाराने शतक केलं, आयर्लंडच्या गोलंदाजाने बळी घेतले, आयर्लंडच्या फलंदाजाने विजयी शतक ठोकलं आणि जिंकलं इंग्लंड. मी पान पूर्ण केलं आणि तळाशी बेरीज जुळते का ते दोनदा तपासलं. जुळत होती.

त्याच 2013 मध्ये आयर्लंडने सहसदस्यांच्या, म्हणजे कसोटीचा दर्जा नसलेल्या देशांच्या, तिन्ही स्पर्धा जिंकल्या. चार दिवसीय सामन्यांची इंटरकॉन्टिनेंटल कप, एकदिवसीय लीग आणि टी-ट्वेंटीची पात्रता स्पर्धा. आपल्याकडे पोरगं तिन्ही पेपरांत पहिलं आलं तर त्याला पुढच्या वर्गात घालतात. इथे त्याला सांगितलं, पुन्हा परीक्षेला बस.

जागतिक क्रिकेट चालवणाऱ्या आयसीसीचं त्या काळातलं वागणं तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही त्या टेबलावर बसता. तरी उजळणी करतो. बंगळुरूच्या त्या विजयानंतर महिना-दीड महिन्यातच ठरलं की 2015 चा विश्वचषक फक्त दहा पूर्ण सदस्यांचा, म्हणजे कसोटी खेळणाऱ्या देशांचा. ओरड झाली म्हणून जूनमध्ये निर्णय फिरवला. आयर्लंड 2015 ला आला आणि नेल्सनला पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडिजच्या 304 धावांचा पाठलाग करून जिंकला. मग यूएई, मग झिंबाब्वेला पाच धावांनी. शेवटचा साखळी सामना ॲडलेडला पाकिस्तानशी. पोर्टरफिल्डने 107 केल्या. बाकी कोणाची साथ नाही, डाव 237 वर संपला, पाकिस्तान सहज जिंकला. वेस्ट इंडिज आणि आयर्लंड, दोघांचे गुण सारखे, नेट रनरेटवर वेस्ट इंडिज पुढे गेला आणि आयर्लंड घरी. नेल्सनला ज्यांना हरवलं तेच उपांत्यपूर्व फेरीत!

आणि 2019 ला पुन्हा दहा संघ. या वेळी निर्णय कोणी फिरवला नाही. मार्च 2018 मध्ये हरारेला पात्रता फेरीच्या निर्णायक सामन्यात आयर्लंड अफगाणिस्तानकडून हरला आणि पोर्टरफिल्डचा विश्वचषक तिथेच संपला. त्याला हरवणारा संघ चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. दहा माणसांच्या पंगतीला चौदा जण आले तर कोणीतरी उपाशी राहणारच. पानं किती मांडायची हा वाढणाऱ्याचा प्रश्न असतो, जेवणाऱ्याचा नव्हे. पुढच्या वर्षी 14 जुलैला लॉर्ड्सवर विश्वचषक उंचावला तो इंग्लंडच्या कर्णधाराने, म्हणजे डब्लिनच्या मॉर्गनने. तो मात्र आयर्लंड नसलेल्या विश्वचषकात.

मधल्या काळात कसोटीचा दर्जा मिळाला होता. 22 जून 2017, लंडन, आयसीसीची बैठक, आयर्लंड आणि अफगाणिस्तान पूर्ण सदस्य. निर्णय एकमताने झाला, म्हणजे तुमचाही हात वर होता. (विषयांतर होतंय, पण राहवत नाही. त्याच महिन्यात, आठच दिवस आधी, लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले होते. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव आपल्या मालवण तालुक्यातलं वराड. आमच्या दादरच्या मालवणी मंडळींनी त्या आठवड्यात आयर्लंडबद्दल जेवढं वाचलं तेवढं आधी जन्मात वाचलं नसेल. त्यांतल्या दोघांना तरी कसोटी दर्जाची बातमीही मीच सांगितली.)

पहिली कसोटी मे 2018 मध्ये, मॅलाहाइडला, पाकिस्तानविरुद्ध. पोर्टरफिल्ड कर्णधार, वय 33. एड जॉइस इंग्लंडहून परत आलेला, वय 39. तीच त्याची पहिली आणि तीच शेवटची कसोटी. पहिल्या डावात आयर्लंड 130, फॉलोऑन, आणि दुसऱ्या डावात केव्हिन ओब्रायनने 118. आता मी स्कोअरर असल्यामुळे हे मला दिसल्यावाचून राहिलं नाही: डिसेंबर 1933 मध्ये, तुमच्या कचेरीपासून चालत जाता येईल अशा बॉम्बे जिमखान्यावर, भारताचं पहिलं कसोटी शतक लाला अमरनाथ यांनी केलं. दुसऱ्या डावात. धावा 118. तो सामनाही आपण हरलो होतो. दोन देश, दोन पहिली शतकं, आकडा एकच. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो.

दुसरी कसोटी मार्च 2019 मध्ये झाली देहरादूनला. हो, भारतातच. तुम्ही अफगाणिस्तानला घर म्हणून दिलेल्या मैदानावर. आयर्लंड हरला. पोर्टरफिल्ड 9 आणि 0. तिसरी जुलै 2019 ला लॉर्ड्सवर, मॉर्गनच्या विश्वचषकानंतर बरोबर दहा दिवसांनी. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी इंग्लंड 85 मध्ये खलास, टिम मुर्ता 13 धावांत 5. असं वाटलं की आता झालं, आता पुन्हा बंगळुरू. तिसऱ्या दिवशी ढगाळ हवेत 182 चा पाठलाग करताना आयर्लंड 38 वर आटपला. पोर्टरफिल्ड 14 आणि 2.

त्याच्या कसोटी कारकिर्दीचा हिशेब संपला. तीन सामने, सहा डाव: 1, 32, 9, 0, 14, 2. एकूण 58. नोव्हेंबर 2019 मध्ये त्याने कर्णधारपद सोडलं, 2022 मध्ये निवृत्त झाला. 148 एकदिवसीय सामने, 11 शतकं, आणि 58 कसोटी धावा. कोणी म्हणेल की कसोटीत त्याचा दर्जाच तेवढा. असेलही. 33 व्या वर्षी पहिली कसोटी खेळलेल्या सलामीवीराच्या दर्जाचा अंदाज सहा डावांवरून करायचा असेल तर खुशाल करा. मी त्याला महान फलंदाज म्हणत नाही. त्याची एकदिवसीय सरासरी तिशीच्या आसपास आहे, आणि बड्या संघांविरुद्ध अनेकदा तो लवकर बाद झालेला माझ्याच वहीत आहे. पण त्याच्या हातात आला तेव्हा संघ सहसदस्य होता आणि त्याने सोडला तेव्हा कसोटी खेळत होता. रांगेत उभं राहून तिकीट काढायचं आणि गाडी आली की आपल्याला उतरायचं स्टेशन आलेलं असायचं, असा तो प्रकार.

आता मुद्द्यावर येतो.

1992 मध्ये झिंबाब्वे पहिली कसोटी खेळला, हरारेला. समोर कोण? भारत. (संजय मांजरेकरने त्या सामन्यात शतकासाठी आठ तासांहून जास्त घेतले. स्कोअररला धाव न निघालेल्या चेंडूंचे ठिपके देऊन देऊन बोट दुखतं, ते तेव्हा कळलं.) 2000 मध्ये बांगलादेश पहिली कसोटी खेळला, ढाक्याला. समोर भारत, सौरव गांगुली कर्णधार म्हणून पहिल्यांदाच कसोटीला उतरलेला. 2018 मध्ये अफगाणिस्तान पहिली कसोटी खेळला, बंगळुरूला. समोर भारत. श्रीलंकेनंतर आलेल्या चार नव्या घरांपैकी तिघांच्या वास्तुशांतीला आपण हजर होतो, नुसते हजर नाही, यजमानाच्या पाटावर. चौथं घर आयर्लंडचं. तिथे आपण एकही कसोटी खेळलेलो नाही, ना त्यांच्याकडे ना आपल्याकडे.

डब्लिनला आपण जात नाही असं नाही. 2018 ला दोन टी-ट्वेंटी, 2022 ला दोन, 2023 ला पुन्हा. 2022 च्या दुसऱ्या सामन्यात आपण 225 केल्या आणि बलबर्नीच्या संघाने 221 पर्यंत आणून ठेवल्या होत्या, शेवटच्या षटकापर्यंत जीव टांगणीला. आपण गेलो की त्यांच्या तिजोरीत चार पैसे पडतात, हेही मान्य. ते त्यांना हवेच आहेत. 2024 मध्ये खर्च झेपत नाही म्हणून त्यांना आपल्याकडे येणारा ऑस्ट्रेलियाचा दौरा रद्द करावा लागला. आयसीसीच्या वाटपात 2024 ते 2027 या काळात आपल्या पदरात 38 टक्क्यांहून अधिक पडतात, आयर्लंडच्या पदरात 3 टक्क्यांच्या आसपास. पण टी-ट्वेंटीच्या त्या दोन संध्याकाळी इंग्लंडच्या वाटेवर चहाला थांबल्यासारख्या असतात. चप्पल न काढता बसायचं आणि निघायचं.

तुम्ही म्हणाल, वेळापत्रकात जागा नाही. जून 2022 मध्ये आपला एक संघ मॅलाहाइडला टी-ट्वेंटी खेळत होता आणि दुसरा एजबॅस्टनच्या कसोटीची तयारी करत होता. एकाच आठवड्यात. जागा करायची ठरवली तर तुम्ही करता, हे आम्ही पाहिलेलं आहे. तुम्ही म्हणाल, जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेचे गुण मिळणार नाहीत. खरंय, त्या स्पर्धेत नऊच संघ आहेत. आयर्लंड, अफगाणिस्तान आणि झिंबाब्वे बाहेर. पण अफगाणिस्तानशी 2018 मध्ये खेळलो तेव्हा कुठे गुण होते? तुम्ही म्हणाल, सामना एकतर्फी होईल. झाला तर होऊ दे. 1932 साली लॉर्ड्सवर नागपूरचे सी. के. नायडू आपला पहिला कसोटी संघ घेऊन उतरले, तेव्हापासून पहिला विजय मिळायला वीस वर्षं आणि पंचवीस कसोट्या लागल्या. फेब्रुवारी 1952, मद्रास, कर्णधार सांगलीचे विजय हजारे. मधल्या चोवीस कसोट्या आपल्याशी कोणीतरी खेळलंच ना? आयर्लंडला पहिला विजय आठव्या कसोटीत मिळाला.

तो विजय मार्च 2024 मध्ये अबू धाबीला, अफगाणिस्तानविरुद्ध. 111 धावांचं आव्हान, तीन बाद 13. तिथून कर्णधार बलबर्नीने सामना काढला. त्यानंतर त्याच वर्षी बेलफास्टला झिंबाब्वेला हरवलं, पाच बाद 21 वरून 158 गाठून, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये बुलावायोला पुन्हा झिंबाब्वेला. सलग तीन. पुढे बांगलादेशात दोन्ही कसोट्या हरले. शिकणारा संघ असाच खेळतो, कधी गड चढतो, कधी पायथ्याशीच बसतो. त्याला खेळायला मिळालं पाहिजे. बलबर्नी 1990 चा जन्मलेला आहे. त्याचंही वय होत चाललंय. एका कर्णधाराची उमेदीची वर्षं दारात उभं राहण्यात गेली, दुसऱ्याची उंबरठ्यावर बसून जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

म्हणून विनंती अशी. इंग्लंडच्या पुढच्या कसोटी दौऱ्याची आखणी होईल तेव्हा त्याच्या आधी आयर्लंडमध्ये एक कसोटी ठेवा. मॅलाहाइडला किंवा बेलफास्टला, त्यांना परवडेल तिथे. आपल्या फलंदाजांना तिथली ओलसर खेळपट्टी आणि फिरणारा चेंडू सरावासाठी मिळेल, हा तुमचाच फायदा. काउंटीच्या दुय्यम संघाशी दोन दिवस बॅट घासण्यापेक्षा बरं. चार दिवसांची ठरवली तरी चालेल, लॉर्ड्सला त्यांच्या 2019 आणि 2023 च्या दोन्ही कसोट्या चार दिवसांच्याच ठरल्या होत्या. तिकडे जमत नसेल तर त्यांना इकडे बोलवा. मोठ्या शहरांच्या वाटणीत ती कसोटी बसत नसेल तर नागपूरला द्या, पुण्याला गहुंजेला द्या. आम्ही येऊ. तिकीट काढून येऊ.

आणि ती कसोटी ठरलीच, तर विल्यम पोर्टरफिल्डला पाहुणा म्हणून बोलवा. नाणेफेकीच्या वेळी त्याला दोन्ही कर्णधारांच्या मधे उभं करा, बाकी भाषणबिषण नको. अबू धाबीला बलबर्नी सामना जिंकून परतला तेव्हा त्याच्या नाबाद धावा होत्या 58. पोर्टरफिल्डच्या सगळ्या कसोटी धावांएवढ्याच. हे त्याला बहुधा माहीत असेल, पण नसेल तर कोणीतरी सांगा.

कळावे,
आपला,
कांगा लीगचा एक जुना स्कोअरर,
दादर, मुंबई

ता.क. आयर्लंडमध्ये पावसाने सामना वाया जाईल ही भीती असेल तर: मॅलाहाइडच्या त्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस एकही चेंडू न पडता पावसात गेला होता. तरी निकाल लागला, पाचव्या दिवशी, आणि 160 च्या पाठलागात पाकिस्तानचे पहिले तीन गडी 14 धावांत गेले होते.